दीड घनफुटाचा धंदा

मागच्या मंगळवारी सकाळी शेडचं कुलूप काढतोय तोच एका परचेसवाल्याचा फोन. दोनशे पॅलेट पाहिजेत, म्हणजे ज्यावर माल रचून उचलतात ते लाकडी पाट, बाराशे बाय हजार मिलिमीटरचे, जुने चालतील पण एक्स्पोर्टला जायचेत. म्हटलं साहेब, जुने म्हणजे रिपेअर केलेले, त्याला एक्स्पोर्टचं सर्टिफिकेट असं लगेच होत नाही, परत लाकडातले किडे मारायची ट्रीटमेंट करावी लागते. तर म्हणतो, "अहो पण तुमच्याकडच्या जुन्या पॅलेटवर ट्रीटमेंटचा शिक्का आधीच आहे की! तो घासू नका म्हणजे झालं."

मी म्हटलं बघतो आणि फोन ठेवला. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलोय. तसंही बरेच जण विचारतात तू नक्की करतोस काय, आणि पॅलेटचं काम म्हटलं की "म्हणजे भंगार का?" असं तोंड करतात. आमच्या पाहुण्यांत तर एकजण मला 'फळ्यावाला' म्हणतो.

तर आमची शेड सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आहे, भाड्याची. आण्णा, म्हणजे वडील, आधी फळांच्या लाकडी पेट्या ठोकायचे. दिवसाला किती पेट्या ठोकायचे ते त्यांच्या उजव्या अंगठ्याकडं बघितलं की कळतंय, नख सरळ उगवलंच नाही परत. मग पुठ्ठ्याचे बॉक्स आले आणि पेट्यांचं काम हळूहळू गेलं. त्याच दरम्यान एका फौंड्रीवाल्यानं कास्टिंग ठेवायला पॅलेट करून मागितले, आण्णांनी पॅलेट कधी बघितलासुद्धा नव्हता, त्यांनी कागदावर रेघोट्या मारून घेतल्या आणि पेटीसारखाच ठोकून दिला. तो पहिला लॉट इतका जड झालता की दोन माणसांना उचलेना. बाभळीचं लाकूड वापरलं होतं, काय करणार, तेच हाताशी होतं.

आता हिशोब सांगतो म्हणजे हे प्रकरण नीट कळेल. आमच्याकडं सगळ्यात जास्त चालणारा पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचा. मधे तीन रनर, म्हणजे जाड दांड्या, प्रत्येक १२०० लांब, १०० उंच, ५० जाड. वर सात पट्ट्या, खाली पाच, पट्टी हजार लांब, शंभर रुंद, वीस जाड. सगळं मिळून लाकूड होतं ०.०४२ घनमीटर, म्हणजे आमच्या भाषेत जवळपास दीड घनफूट. पाइनचं असेल तर वजन वीस-बावीस किलो. खिळे प्रत्येक जोडाला दोन, बारा पट्ट्या गुणिले तीन रनर गुणिले दोन, ७२ खिळे. युरोपात जो प्रसिद्ध युरो पॅलेट आहे, १२०० बाय ८०० चा, त्याला ७८ खिळे, ११ फळ्या आणि ९ ठोकळे असतात, आणि त्यावर दीड टनापर्यंत माल ठेवता येतो. त्याला चारी बाजूनं फोर्क (उचलणाऱ्या गाडीचे पुढचे दोन लांब दांडे) जातो, आमच्या रनरवाल्याला दोनच बाजूनं. गिऱ्हाईक फोर-वे मागतं आणि पैसे टू-वेचे देतं, हे इथलं नेहमीचंच.

वीस फुटी कंटेनरमध्ये बाराशे-हजारचे दहा पॅलेट एका थरात बसतात. म्हणून पॅलेटचं माप फार चुकलं तर न्हावा शेवा बंदराला माल जाताना दहाव्या पॅलेटला जागा राहत नाही. एकदा आमच्याच मुलानं फळ्या कापताना टेप उलटी धरली आणि हजारच्या एक हजार वीस झाल्या, सगळ्या परत कापल्या. तो भुसा मी रडत रडत पोत्यात भरलाय.

खालच्या पट्ट्यांबद्दल एक सांगतो, कारण यात नवीन माणूस हमखास फसतो. गोडाऊनमध्ये जो हाताने ओढायचा हँड पॅलेट ट्रक असतो त्याच्या फोर्कच्या टोकाला छोटी चाकं असतात, पंप मारला की ती खाली जमिनीला टेकतात आणि पॅलेट उचलला जातो. आता खालच्या पट्ट्या जर जवळजवळ ठोकल्या, तर चाक पट्टीवरच टेकतं आणि उचलायच्या ऐवजी पट्टीच उपसून काढतं. एकदा एका बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये आमचे वीस पॅलेट असेच खालून उघडे पडले, पोरं म्हणाली पॅलेट कच्चा आहे, मी जाऊन बघितलं तर पॅलेट ठीक होता, मीच खालची जागा चुकीची सोडली होती. भरून दिले. तेव्हापासून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न, तुमच्याकडं फोर्कलिफ्ट आहे की हँड ट्रक.

लाकूड कुठनं येतं? पाइन बराचसा बाहेरच्या देशांतला, त्याचे लॉग, म्हणजे ओंडके, गुजरातेत कांडल्याच्या बंदरात उतरतात, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये कापले जातात आणि ट्रकनं इकडं. इथलं लाकूड म्हणजे निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, आंबा, बाभूळ, जे मिळंल ते. बाभळीत आणि तसल्या टॅनिनवाल्या लाकडात खिळ्याभोवती काळा डाग पडतो, लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की शाईसारखं होतं. बाभळीची साल कातडी कमवायला वापरतात ते उगीच नाही. मालाला डाग लागला की गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं.

आता मूळ मुद्दा, तो शिक्का.

एक्स्पोर्टला जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, २००२ साली आला, २००९ मध्ये सुधारला. कारण काय, तर लाकडातून किडे फिरतात. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लांब शिंगांचा एक आशियाई भुंगा सापडला, मेपलची झाडं आतून पोखरणारा, आणि तो बहुतेक चीनमधून मालाच्या लाकडी पॅकिंगमधून गेला असावा असं मानतात. हजारो झाडं तोडावी लागली. म्हणजे बघा, इथं आपण फळीला किड लागली म्हणून ती फळी फेकतो, तिकडं त्यांना रस्तेच्या रस्ते झाडांचे रिकामे करावे लागले.

नियम साधा आहे. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं. गाभ्याचं, वरचं नाही. चेंबरमध्ये सगळ्यात जाड तुकड्याला भोक पाडून आत सेन्सर घालतात, गाभा गरम झाल्याशिवाय तीस मिनिटं मोजायला सुरुवातच होत नाही, आणि सगळा ग्राफ रेकॉर्ड होतो. पट्टी पटकन गरम होते, ठोकळा घेतो वेळ. आमचे मिस्त्री एकदा मेमध्ये म्हणाले, "सांगलीच्या उन्हात ठेवा की दोन दिवस, ट्रीटमेंटच झाली समजा!" बाहेर एक्केचाळीस होतं म्हणा. पण एक्केचाळीस आणि छप्पन्न यात फरक आहे, आणि उन्हाला ग्राफ काढता येत नाही.

ट्रीटमेंट झाली की शिक्का. गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, देशाचा कोड आयएन, ज्याने केलं त्याचा नंबर, आणि ट्रीटमेंटचा कोड, एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, तो ओझोनला मारक आहे म्हणून युरोपात २०१० पासून वापरायला बंद आहे, आपल्याकडं अजून चालतो. हा शिक्का हाताने काढायचा नसतो, आणि लाल-केशरी रंग टाळायचा, कारण ते रंग धोकादायक मालाच्या लेबलला असतात. भारतात ट्रीटमेंट करणाऱ्यांना मान्यता देणारं खातं म्हणजे वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन आणि साठवण संचालनालय, फरिदाबादला. म्हणजे शिक्का मारायला तो नंबर पाहिजे, आणि तो नंबर माझ्याकडं नाही, मी पॅलेट दुसरीकडनं ट्रीट करून घेतो. ते शिक्का मारतात, मी नाही.

सालीचं पण आहे. लाकडावर साल ठेवायची नाही, तीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद तुकडा असेल तर चालतो, रुंद असेल तर प्रत्येक तुकडा पन्नास चौरस सेंटिमीटरच्या आत. साधारण एटीएम कार्डाएवढा. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डला हे काहीच लागत नाही, कारण बनतानाच गरम-दाबात झालेलं असतं, आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही सूट.

बरं, शिक्का असला म्हणजे पॅलेट चांगला झाला असं नाही, इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. ट्रीटमेंटनं किडे मरतात, ओलावा तसाच राहू शकतो. जुलैत ओल्या लाकडाचे पॅलेट करून रचून ठेवले की आठ दिवसांत निळी-काळी बुरशी. दोन वर्षांपूर्वी आमचा एक लॉट असाच गेला, शिक्का झकास होता, पॅलेटवर मात्र शेवाळल्यासारखं, गिऱ्हाईकानं फोटो पाठवला आणि खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. काही म्हणता आलं नाही. आता ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला का बघून देतो, पावसाळ्यात ताडपत्रीखाली कोंबत नाही, मधे फळ्या टाकून हवा खेळती ठेवतो.

आणि रिपेअरचं काय? नियम सांगतो की पॅलेटमधले साधारण एक तृतीयांशपर्यंत भाग बदलले तर तो 'रिपेअर', त्यापेक्षा जास्त बदलले की तो नवीनच बनवल्यासारखा, मग जुना शिक्का पूर्ण घासून काढायचा आणि परत ट्रीट करून परत मारायचा. रिपेअरमध्येही घातलेली प्रत्येक नवी फळी ट्रीट केलेली हवी आणि तिच्यावर वेगळा शिक्का हवा. आपल्याकडं आता एका पॅलेटवर बारा पट्ट्या आणि तीन रनर, एकूण पंधरा, म्हणजे पाच बदलल्या की आपण काठावर. माझ्या शेडमध्ये येणारा पॅलेट बऱ्याचदा दोन-तीन फळ्यांवर भागत नाही, कारण फोर्कलिफ्टवाला रागात असतो. फोर्कचं टोक सरळ रनरमध्ये घुसतं, मग तिथला रनर पिळून निघतो, त्याच्यावरच्या पट्ट्याही.

त्या साहेबांना म्हणूनच नाही म्हणावं लागलं. कारण तो शिक्का कुठल्या तरी कंपनीच्या, कुठल्या तरी ट्रीटमेंटवाल्याच्या नंबराचा आहे, त्या नंबराखाली मी आमच्या गावच्या सुबाभळीची साल लागलेली पट्टी कशी विकायची? आणि तिकडं पोर्टवर पकडलं तर माल अडणार, पैसे कोण देणार, ते साहेब फोन तरी उचलतील का माझा. एकाचं असं झालेलं मी जवळून पाहिलंय, नाव नको. अख्खा कंटेनर परत. पॅलेट किती रुपयांचा आणि आतला माल किती लाखांचा, आणि थांबलं कशामुळं, तर एका फळीमुळं.

आता शेडमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे जुना पॅलेट आल्यावर. ट्रक लागतो, रिकामा करताना आवाज बघा, चांगला पॅलेट पडला की 'टण्ण' होतो, तुटका 'भद्द' होतो. मिस्त्री प्रत्येक रनरवर हातोडीनं टिचकी मारतात, कान जवळ. ते बोलत नाहीत, फक्त बोटानं दाखवतात, हा इकडं, तो तिकडं. मी एकदा विचारलं तुम्हाला कसं कळतं, तर म्हणाले कलिंगड घेताना तू काय करतोस?

पहिला ढीग, एखादी पट्टी बदलली की परत जायच्या लायकीचे. दुसरा, दोन-तीन पट्ट्या आणि एखादा रनर, हा लोकल गोडाऊनला जातो. तिसरा ढीग मोडायचा. मोडायचं काम आमच्या दोन मावश्या करतात, कटावणी घेऊन. परदेशातून आलेला पॅलेट कटावणीनं निघत नाही, कारण त्याचा खिळा सरळ नसतो, पिळाचा असतो, लाकडाला धरून बसतो, मग पट्टी फुटते पण खिळा हलत नाही. तेव्हा ग्राइंडरनं नाहीतर रिसिप्रोकेटिंग सॉनं मधनंच खिळे कापतात, पट्टी आणि रनरच्या फटीत पातं घालून. साधा खिळा असेल तर मावशी तो उपसून, सरळ करून डब्यात ठेवते. मी म्हणतो कशाला, नवा खिळा काय महाग आहे का, तर म्हणते, "तुमाला न्हाई ओ महाग."

करवतीवर जुनी फळी घालायच्या आधी मॅग्नेट फिरवायचाच. एकदा नाही फिरवला. बँडसॉच्या पात्याला तुटका खिळा लागला आणि पातं असं किंचाळलं की बाजूच्या शेडचा माणूस पळत आला. दात गेले सगळे, माणूस वाचला, हेच काय ते.

मोडलेल्या चांगल्या पट्ट्या परत पॅलेटला. बारीक तुकडे जळण, आसपासच्या घरात अजून बंब आहेत, थंडीत तर सकाळी सातला लोक पिशव्या घेऊन येतात. भुसा पोल्ट्रीवाले नेतात, कोंबड्यांखाली टाकायला, आणि उरलेला ब्रिकेटवाल्याला, तो भुसा दाबून कांड्या करतो, बॉयलरला जातात. खिळ्यांचा डबा भंगारवाल्याला. खरंच वाया जातं ते ऑइल मुरलेलं लाकूड, आणि फौंड्रीच्या वा केमिकलच्या आवारातला पॅलेट, त्याला मी हात लावत नाही, कारण तो जाळला तर वास येतो आणि तो वास कशाचा ते कुणालाच माहीत नसतं. आजकाल कॅफेवाली मुलं येतात, "दादा, पॅलेटचं टेबल करायचंय", छान दिसतंय म्हणे. करा, पण एचटीवाला घ्या, एमबी नको, आणि तेलाचा डाग असला तर घरात तर मुळीच नको.

पुराचं वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि दुकानदार माल वर चढवायला पॅलेट मागत होते. कुपवाडात पाणी नव्हतं, म्हणून आमच्याकडं रांग. दिले तेवढे फुकट दिले, आण्णा म्हणाले पैसे नंतर बघू. नंतर पाणी उतरलं आणि तेच पॅलेट परत आले, गाळ, गटाराचं पाणी, धान्य कुजून चिकटलेलं. मी धुऊन परत वापरावं म्हणत होतो. मिस्त्रींनी एक उलटा करून दाखवला, रनर आणि पट्टीच्या मधल्या फटीत गाळ बसलेला, पाण्याचा जोर मारून पण निघेना. ते म्हणाले, "यावर हळद ठेवणार कोण?" तिथनं सगळा ढीग उन्हात वाळवून वीटभट्टीला दिला. पैसे नंतर कुणीच बघितले नाहीत, आम्हीही नाही मागितले.

निळे पॅलेट तुम्ही कुठं बघितलेत का, फिकट नाही, पक्के निळे? ते विकत घ्यायचे नसतात, चेप नावाच्या कंपनीचे असतात, भाड्यानं फिरतात. ती कल्पना ऑस्ट्रेलियातली, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागे सोडलेलं माल हाताळायचं सामान, पॅलेट, सगळं एकत्र पूल करून वापरायला सुरुवात झाली. म्हणजे एकच पॅलेट दहा गिऱ्हाईकांकडे जातो, तुटला की दुरुस्त होतो, आणि मालक एकच राहतो. निळा दिसला की मी ट्रकवाल्याला सांगतो, हा माझ्या शेडमध्ये उतरवायचा नाही, दुसऱ्याचा आहे. पण मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. आपल्याकडं नवीन पॅलेट ट्रकमधनं गेला की गेला, कुठे गेला, कोण जाळलं, कोण झोपला त्यावर, काही कळत नाही. आणि परत नवं झाड. आमचा रिपेअर केलेला पॅलेट नव्याच्या निम्म्याहूनही कमी पैशात पडतो, आणि आतल्या आत फिरणाऱ्या मालाला तो पुरतोच, पण परचेसच्या कागदावर 'जुना' शब्द दिसला की साहेबांना लाज वाटते. आणि तेच साहेब एक्स्पोर्टला जुना चालवायला निघतात, हे मला कळतच नाही.

तर त्या दोनशेचं काय झालं. बुधवारी परत फोन केला, सांगितलं, शंभर नवे एचटी करून देतो, शिक्का ट्रीटमेंटवाल्याचा, ते तुमच्या कंटेनरला, आणि शंभर रिपेअर केलेले विनाशिक्क्याचे, तुमच्या गोडाऊनला. बरं म्हणाले, विचार करतो म्हणाले. शुक्रवारी ऑर्डर आली ती फक्त शंभर जुन्यांची. एक्स्पोर्टचे कुठनं घेतले ते मी विचारलं नाही.

आज सकाळपासून त्या शंभरवरचे जुने शिक्के पॉलिश पेपर लावलेल्या ग्राइंडरनं काढायचं चाललंय. लोंबी आधी जाते, मग आयएन, एचटी सगळ्यात शेवटी. मिस्त्री म्हणाले लोकललाच जायचेत तर कशाला एवढी मेहनत. मी म्हटलं, राहू दे, उद्या कोण कुठं नेतंय काय माहीत. दोन अजून राहिलेत, चहा आलाय म्हणून थांबलोय.